हातभर माती

परातीत माती पडली. चिमूटभर, जास्त नाही. सांजोऱ्यांचं पीठ तुपाचं मोहन घालून नुकतं ओलं केलं होतं, त्यावर ती करड्या रंगाची चिमूट अशी येऊन बसली की जणू कुणी वरून चाखून मीठ कमी आहे म्हणून टाकलं. भिकुबाईंनी बोटाच्या टोकानं ती उचलली, पदराला पुसली आणि पुन्हा मळायला घेतलं. धाब्याचं घर म्हटलं की हे आलंच. चैत्र-वैशाखात माती तडकते, उंदीर वळवळतो, वर चिमणी नाचते, काही ना काही खाली येतंच. नशिराबादला माहेरी तर भाकरीच्या टोपल्यावर फडकं आणि फडक्यावर परात असा जामानिमा असायचा. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं उभ्या जन्मात मातीच खाल्ली असेल पायलीभर. त्याचं काय एवढं. पण त्यांनी मान वर केली तेव्हा समोरची जागा रिकामी होती. आत्तापर्यंत तिथे लेक गोजर बसली होती, मांडीवर पोर घेऊन, सारण ढवळत. उलथनं कढईत तसंच उभं होतं. पाट उपडा पडला होता. आणि मागच्या दारातून दिसत होतं की गोजर अंगणात, भर उन्हात, निंबाच्याही सावलीत न जाता उघड्यावर उभी आहे, पोराचं डोकं दोन्ही तळव्यांनी झाकून. तोंड घराकडे. घराच्या माथ्याकडे.

"काय व गोजर? काय जयं?"

"काही नही माय."

"मंग उनमा काब्र उभी शे? पोऱ्या भाजाई जाई ना."

"काही नही. घरमा गरम व्हस."

आता धाब्याच्या घरात वैशाखात गरम होतं असं म्हणणं म्हणजे विहिरीत कोरडं वाटतं म्हणण्यासारखं. सगळं धुळं उन्हानं तडतडत असताना देवपुरातलं हे घर आतून माठासारखं गार असायचं. शेजारच्या प्रमिलाबाई, त्यांचे यजमान शाळेत मास्तर, भाड्याच्या कौलारू घरात राहणाऱ्या, दुपारी शिवणाची टोपली घेऊन मुद्दाम इकडे येऊन बसत. भिकुबाईंचे हात पिठात होते, ते पिठातच राहिले. पण मळणं थांबलं होतं. एवढीशी माती. त्या मातीला भिऊन एक बाळंतीण, सासरी नांदलेली, धडधाकट पोर, घर टाकून पळते? आणि मग, लोकरीचं एक टोक हाती आलं की सगळा विणलेला भाग उसवत यावा तसं मागचं एकेक येऊ लागलं. हिवाळ्यात गोजरनं आपलं बाजलं दाराच्या चौकटीखाली ओढून घेतलं होतं. अर्धं आत, अर्धं ओट्यावर. पुसात, अंगानं ओली बाळंतीण, आणि वारा झोंबतोय. "उजेड पाहिजे," म्हणाली होती. भिकुबाईंनी गोधडीचा पडदा लावला, शेगडी ठेवली, आणि मनात म्हटलं, बाळंतिणीची लहर. बाळाची झोळी मधल्या तुळईला बांधायची तर "नको, निंबले बांध," म्हणाली. जेवताना ती पाट भिंतीला टेकवून बसते. खोलीच्या मधोमध कधी नाही. मधोमध चालतसुद्धा नाही की काय? भिकुबाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. कडेकडेनं. पोर कडेकडेनं चालते, पुराच्या पाण्यात चालावं तशी.

धाबं म्हणजे काय हे त्यांना कुणी कधी समजावलं नव्हतं, तळपायांनीच शिकवलं होतं. भिंतीवर सागाच्या तुळया, त्यावर फोडलेल्या लाकडाच्या चिपा दाटीवाटीनं, त्यावर पळसाची पानं, आणि त्यावर हातभर माती. सगळ्यात वर खारी, म्हणजे नदीकाठची पांढरी खारट माती. ती पाणी आत येऊ देत नाही. पावसाची झड लागली की आई भिकीला वर चढवायची, हातात खारीचा गोळा देऊन. जिथून गळतं तिथे गोळा दाबायचा आणि टाचेनं तुडवायचं. पोरगी वर नाचायची आणि आई खालून ओरडायची, अजून, अजून, इकडे. जे छप्पर आपण आपल्या पायानं तुडवलंय त्याला माणूस भीत नाही. उन्हाळ्यात त्याच धाब्यावर कुरडया वाळायच्या, अंथरुणं पडायची, गुजगोष्टी व्हायच्या, नवी सून रडायची तीही तिथेच. वजनदार घर. खान्देशात सगळी माया वजनातच असते, भिकुबाईंना वाटायचं. गोधडी अशी की कूस बदलायला गडी बोलवावा. पायातले वाळे असे की नवरी पळून जाऊ नये. गोजरला सासरी धाडताना पितळी हंडे असे दिले की हमाल म्हणाला, बाई, लेक पाठवताय का लोहाराचं दुकान?

आणि लेक दिली ती अशा ठिकाणी, जिथे वजनाला कुणी विचारत नाही. जावई अभिमन इकडचाच, शिरपूरकडचा, शिकलेला. पण नोकरी मिठागरावर, डहाणूच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावात. रेल्वेनं सुरतेपर्यंत जायचं आणि तिथून खाली उतरायचं. भिकुबाई एकदाच जाऊन आल्या होत्या. समुद्र पाहून त्यांना पहिल्यांदा वाटलं होतं ते असं, की याच्यावर कुणी काही ठेवलेलं नाही. एवढं मोठं फडकं, वाऱ्यावर टाकलेलं, आणि चार कोपऱ्यांना चार धोंडे नाहीत! अभिमनला मिळालेलं घर पत्र्याचं होतं. त्या पत्र्यांवर त्यानं धोंडे ठेवले होते, गोल गोल, निवडून आणलेले, ओळीनं, आपल्याकडे गोठ्यावर ठेवतात तसे. ते पाहून भिकुबाईंना बरं वाटलं होतं. पोरगा आपल्या वळणाचा आहे, असं वाटलं होतं. शेजारची कोळीण मात्र वर बघून हसली होती, आणि आपल्या भाषेत काही म्हणाली होती, जे भिकुबाईंना कळलं नाही.

गेल्या आश्विनात तिकडे तुफान झालं. धुळ्यात तेव्हा नुसतं आभाळ भरून आलं, कापूस भिजला, लोकांनी नशिबाला शिव्या दिल्या. चार रोजांनी अभिमनचा निरोप आला: पत्रे गेले, आम्ही सुखरूप, गोजरला घेऊन जा. भिकुबाईंचे यजमान सुकदेवनाना जाऊन घेऊन आले. पोटुशी पोर, पाय सुजलेले, केसांत वाळू. "काय जयं तठे?" भिकुबाईंनी दोघांनाही विचारलं. "वारा व्हता," गोजर म्हणाली. "पत्रा म्हणजे का घर शे का," नाना म्हणाले, आणि आपल्या लाकडाच्या वखारीत निघून गेले. त्या वेळी भिकुबाईंना वाटलं, लेक सुखरूप आहे, बाकी पत्र्याचं काय. आज, पिठात हात रुतवून बसलेल्या असताना, त्यांना वाटलं की त्या दोघांनी आपल्याला उंबऱ्याच्या अलीकडे ठेवलंय. एका गोष्टीच्या उंबऱ्याच्या.

वखार घराला लागूनच होती. तिथून करवतीचा आवाज येत होता, दम खात, पुन्हा सुरू होत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशीसुद्धा. एरवी सुकदेवनाना आखाजीला पत्त्यांचा डाव टाकून बसायचे आणि बायकोला सांगायचे की सणाला हरलं तर पितर खूश होतात. या वर्षी डाव नाही. उद्या पहाटे गाड्या निघायच्या होत्या: सोनगीरवरून नरडाण्याला, तिथून रेल्वेनं सुरत, आणि पुढे. तुळया, चिपा, पोत्यांत भरलेली खारी माती. हो, मातीसुद्धा! पांझरेकाठची खारी समुद्रावर निघाली होती, मिठागराच्या गावाला. प्रमिलाबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. "नानांना सांगा, तिकडे खारटपणाची टंचाई नाही म्हणावं." पण नाना हसले नव्हते. जगभर पेटलेल्या लढाईमुळे पत्रे कुठेच मिळत नव्हते, आणि मिळाले असते तरी त्यांनी घेतले नसते. ते स्वतः जाणार होते, चार गडी घेऊन, पाऊस लागायच्या आत लेकीला धाबं घालून द्यायला. आणि त्या धाब्याच्या मधोमध पडणार होतं ते लाकूड.

त्या लाकडाला घरात नुसतं 'ते लाकूड' म्हणत. गोजर झाली त्या साली नवापूरकडच्या जंगलातून आलेला साग, एकसंध, गाठ नाही, भेग नाही. नानांनी ते विकलं नाही. कितीदा गिऱ्हाईक आलं, कुणी जिनवाला तर मोठा दाम बोलला. नाना म्हणायचे, हाई पोरनं शे. गोजर त्याच्यावर घोडा घोडा खेळली, त्याच्यावर बसून तिनं चिंचा खाल्ल्या, रुसली की त्याच्या आडोशाला जाऊन बसायची. ते वाळत गेलं, ती वाढत गेली. बापाच्या मनात तेव्हापासून ठरलेलं, की लेकीच्या घराला पहिली तुळई ही. ते लाकूड आज पहिल्यांदा वखारीच्या मधोमध ओढून ठेवलं होतं, आणि जब्बारभाई करवतवाला त्याच्याभोवती, कुर्बानीच्या बैलाभोवती फिरावं तसा फिरत होता.

"नाना, ये लकडी नै, हत्ती है. गाडी कू पहले समजाना पडेगा, बाई तू रो मत बोलके."

"तू करवत चालव, जब्बार. तोंड नंतर चालव."

"मैं बोलताच है ना. ऐसा छप्पर डालेंगे तो तुफान आके सलाम करके जायेगा."

"सलाम करो का रडो. हालाव नही."

'हालाव नही.' हे शब्द नाना महिनाभर म्हणत होते. जेवताना, पान लावताना, झोपायच्या आधी. वारा काय, वाऱ्याचा बाप आला तरी हालाव नही. पहिल्या पहिल्यांदा भिकुबाईंना त्यात नवऱ्याचा तोरा ऐकू यायचा आणि त्या मनातल्या मनात हसायच्या. आज मागच्या दारातून, उन्हात उभ्या लेकीच्या खांद्यावरून ते शब्द ऐकताना त्यांना वाटलं, हा तोरा नाही. हा माणूस स्वतःला काहीतरी पटवतो आहे. आणि गोजर. गोजरच्या पाठीवर तो शब्द येऊन आदळला तेव्हा तिचे खांदे आखडले. कुणी वरून काही टाकणार असेल तेव्हा आखडतात तसे.

दुपार कलली तशा गल्लीतल्या पोरी जमल्या. निंबाला झोका बांधायचा होता. माहेरवाशिणींचा सण. सगळ्यांच्या अंगावर नव्या साड्या, हातांवर मेंदी, आणि सासरची गाऱ्हाणी उतू चाललेली. दोर फांदीवर टाकला आणि गाठ गोजरनं मारली. भिकुबाई ओट्यावरून बघत होत्या. गोजरनं गाठ मारली, मग फांदीला हातानं हिसका देऊन पाहिला, मग गाठ सोडून पुन्हा सैलसर मारली, फांदी डोलली की दोर तिच्यासोबत डोलेल अशी. एक पोरगी म्हणाली, "अव गोजर, घट्ट बांध ना, पडूत आम्ही." गोजर म्हणाली, "घट्ट बांधं का फांदी तुटस." आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदा. भिकुबाईंच्या मनात आलं की ही गाठ आपण शिकवलेली नाही. लेकीच्या हातात दुसऱ्या कुणाची गाठ आली आहे. त्यांना थोडं लागलं, आणि ते लागलं म्हणून त्यांना स्वतःचं हसू आलं. झोके वर गेले, साड्या फुगल्या, आणि निंबाचा बारीक मोहर पोरींच्या डोक्यांवर पडत राहिला. गोजर झोक्यावर बसली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. जमीन नाही, छप्पर नाही, मधे कुठेतरी. तिचा चेहरा मऊ झाला.

तेवढ्यात वावधन उठलं. वैशाखात उठतंच, पश्चिमेला आभाळ तांबूस होतं, पांझरेच्या कोरड्या पात्रातली वाळू उभी राहते, आणि मग एकदम सगळं आंधळं. पोरी किंचाळत, हसत, आपापल्या घराकडे पळाल्या. कुणाचं तरी सूप उडत गेलं. वखारीत नाना ओरडत होते, फळ्या दाबा, फळ्या दाबा! भिकुबाई धावल्या, झोळीतलं पोर उचललं आणि गोजरचा दंड धरला. "घरमा चाल!" गोजर आली, म्हणजे ओढली गेली, आणि उंबऱ्यात खिळून उभी राहिली. भिकुबाईंनी तिला आत लोटलं, पुढचं दार लावलं, अडसर घातला. खिडकीच्या झडपा लावल्या. मागचं दार लावायला गेल्या तर तिथे गोजर होती, दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून.

"माय, हाई नको लावू."

"येडी जयी का? बठ्ठी धूळ घरमा येई. पोरना डोळामा जाई."

"जाऊ दे. हाई उघडं ठेव. वारा तथीन येस, आथीन त्याले जावाले वाट पाहिजे. नही तं तो वर जास."

"वर कोठे?"

"वर!" गोजर ओरडली, आणि तिनं वर पाहिलं. भिकुबाईंनीही पाहिलं. तुळयांमधून, चिपांच्या फटींतून, सगळीकडून माती झरत होती, बारीक, सारखी, जणू घराला घाम फुटला होता. उजेडाच्या एका पट्ट्यात ती दिसत होती आणि बाकी ठिकाणी नुसती जाणवत होती, मानेवर, ओठांवर, पोराच्या टाळूवर. हातभर माती. एवढी वर्षं ती खाली होती पायाच्या, तुडवलेली, ओळखीची. आता ती वर होती. पहिल्यांदाच भिकुबाईंना कळलं की ती वर आहे. त्यांनी कडी धरली होती, गोजरनं त्यांचं मनगट धरलं होतं, आणि मायलेकी दाराशी अशा झुंजत होत्या जणू दोघींच्या मधे तिसरंच कुणी आत घुसू पाहत होतं. मग भिकुबाईंनी कडी सोडली. दार उघडलं. वारा घरातून असा गेला की चुलीवरची राख, वाळवणाचं फडकं, उलथनं, सगळं उचलून घेऊन गेला, मागच्या अंगणात फेकलं, आणि घर एक मोठा श्वास सोडल्यासारखं सैल झालं. अजून माती झरत होती, पण हळू.

गोजर दाराच्या चौकटीखाली बसली. पोराला तिनं मांडीत घेतलं आणि बोलायला लागली, बाहेर बघत, आईकडे न बघता.

"त्यास्नी धोंडा ठेयेल व्हतात ना पत्रावर. तू दखेल शे."

"हां."

"पत्रा उडना, मंग धोंडाले बसाले जागाच नही राह्यनी. तो खाले उना. मन्ही खाटवर. बरोबर मधमा. मी पानी पेवाले उठनू व्हतू."

भिकुबाई भिंतीला धरून खाली बसल्या. गोजर थांबली नाही. थांबली असती तर तिला पुन्हा सुरू करता आलं नसतं. ती सांगत होती की दोघं मग शेजारच्या कोळिणीच्या झोपडीत गेले, वाकून, वाळूत हात टेकत. ते घर बुटकं, चारी बाजूंनी उतरतं, झावळ्यांचं. खांब वाळूत माणूस उभा पुरावा एवढे खोल गेलेले, आणि छपरापासून खालपर्यंत सगळं काथ्यानं बांधलेलं, एक खिळा नाही. म्हातारी कोळीण मधे बसली होती, मांजर मांडीवर घेऊन, आणि घर हलत होतं. सबंध दिवस हललं. कुरकुरलं, वाकलं, एकीकडे कललं, पुन्हा उभं राहिलं. "मी रडनू. तिले म्हंतू, घर हालस. ती म्हने, हालू दे, हालस तवपर शे." गोजरनं पोराच्या टाळूवरची माती फुंकरीनं उडवली. "हालनं, म्हनीसन राह्यनं, माय. आनि नाना रोज म्हंतस, हालाव नही, हालाव नही. माले रोज वाटस, आते बठ्ठं खाले येई."

"त्यास्ले सांगं का नही?"

"कशी सांगू? मन्हा जनमपासून ठेयेल लाकूड शे ते. त्याले नको म्हनू मी?"

वारा पडत चालला होता. भिकुबाईंना, का कोण जाणे, आपलं नाव आठवत होतं. आईची आधीची पोरं जगली नव्हती. म्हणून ही झाली तेव्हा घरोघर पदर पसरून चिंध्या मागून आणल्या, त्यात गुंडाळलं, आणि नाव ठेवलं भिकु. मागून आणलेली, फुकटची. वरच्याला वाटावं, हे काय उचलायचं. तिला कुणी सोन्यानाण्यानं दाबून ठेवलं नाही. हलकी केली म्हणून ती राहिली. साऱ्या गल्लीत उखर्डू आहेत, चिंधा आहेत, पुना आहेत, सगळे असेच हलके करून वाचवलेले. आणि ही सगळी माणसं घर बांधायला बसली की वजन टाकतात. हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आताही नीट येत होतं असं नाही. नुसतं डोक्यात घरघरत होतं, जात्यासारखं. दुसरंही एक होतं, आणि ते त्यांना आवडत नव्हतं. हे धाबं झालं नाही तर गोजरच्या डोक्यावर माहेरचं काही उरणार नाही. ती त्या कोळिणीची होईल. तिची गाठ तर झालीच आहे.

त्या उठल्या. परात तशीच होती. पिठावर आता मातीचा थर बसला होता, काढण्यापलीकडचा. ती परात कमरेवर घेऊन त्या वखारीत गेल्या. नाना उडालेल्या फळ्या पुन्हा रचत होते, भुवयांवर धूळ, मिशांत धूळ. जब्बारभाई लाकडाच्या आडोशाला बसून नाक झाडत होता. परात पाहून तो म्हणाला, "भाभी, आज मिट्टी की सांजोरी?" आणि भिकुबाईंचं तोंड पाहून गप्प झाला.

"हाई लाकूड पोरना डोकावर नका टाकू," भिकुबाई म्हणाल्या.

"मंग काय चुल्हामा टाकू?"

"जमीनमा गाडा. खांब करा. खोल गाडा, जेवढं खोल जाई तेवढं. वर हलकं राहू द्या."

नाना हसले. ते हसणं भिकुबाईंना ठाऊक होतं. गिऱ्हाईक अर्ध्या दामात मागतं तेव्हाचं. "या लाकडाले फाडीसन खांब? वाळूमा? आनि वर काय, झावळ्या? गाव हासी. सुकदेवनी पोर झोपडीमा ऱ्हास म्हनतीन."

"हासू द्या."

"बाईनी जात, वारा उना का घाबरस. धाबं म्हंजे..."

"ती घरमा मधोमध चालत नही," भिकुबाई म्हणाल्या. "दखं का तुम्ही कधी? भीतले धरीसन चालस. आपला घरमा."

नाना त्या लाकडावर बसले, आणि भिकुबाईंना वाटलं आता रागावतील, आता मनगटानं तोंड पुसतील आणि 'जाय घरमा' म्हणतील. नानांनी तोंड पुसलं. पण म्हणाले वेगळंच.

"मी दखेल शे ती खाट," ते म्हणाले. "लेवाले गऊ तवय. कोनी उचलाच नही व्हता तो धोंडा. खाट मधमा मोडेल. उशीवर तिना केस व्हतात." ते जब्बारभाईकडे बघत नव्हते, बायकोकडेही नाही, लाकडाच्या टोकाकडे बघत होते. "तुले सांगं नही. म्हटलं, तुना डोकाले काब्र ताप. तवयच ठरावं, असं बांधसू का काहीच खाले येवाव नही. कधीच नही."

म्हणजे हा धोंडा बापलेकींनी मिळून उचलून धरला होता, इतके महिने, आपल्या डोक्यावर पडू नये म्हणून. भिकुबाईंना त्यांचा राग आला आणि त्या रागाच्याच आत इतकी माया दाटली की त्यांना परात खाली ठेवावी लागली.

"जे वर ठेवशात," त्या हळू म्हणाल्या, "ते खालेच येई ना हो."

जब्बारभाईनं बिडी काढली आणि पेटवली नाही. नदीकडून अजून एखादी झुळूक येत होती, उरलीसुरली. नानांनी लाकडावरून हात फिरवला, एका टोकापासून हात पुरेल तिथवर, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग उठून त्यांनी खुंटीवरची दोरी काढली, जी गेरूच्या पाण्यात बुडवून लाकडावर ताणून टिचकीनं उठवतात, की जिथे करवत चालवायची तिथे तांबडी रेघ उमटते. दोरी गेरूत बुडवली. एक टोक स्वतः धरलं. दुसरं टोक जब्बारभाईनं धरायचं असतं, तो उठलाही. पण नानांनी ते भिकुबाईंपुढे केलं.

"धर," ते म्हणाले. "तूच धर आते. वाकडी रेघ पडनी तं तुना नावनं खडं फोडसू."

भिकुबाईंनी धरलं. दोरी ओली होती, गार होती, आणि ताणली तशी बोटांत कापू लागली. नानांनी मधे वाकून चिमटीत उचलली आणि सोडली. टच्. त्या सागावर, ज्याच्यावर लेकीनं चिंचा खाल्ल्या होत्या, उभी तांबडी रेघ उमटली. नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "जब्बार, चालव," आणि पोत्यांकडे जाऊन, पाठ करून, खारीची पोती सोडायला लागले, एकेक.

करवत सुरू झाली तेव्हा भिकुबाई घरात परतल्या. नवं पीठ घेतलं. चुलीसमोर पाट मांडला, आणि बसायच्या आधी थांबल्या. वर पाहिलं. तुळया जिथल्या तिथे होत्या. काही झालं नव्हतं. घर जसं होतं तसं होतं, गार, अंधारं, आपलं. आणि त्याच्या मधोमध त्यांना आता बसवेना. काही वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, भिंतीला हात लावून. उद्या नाना जातील, मग पोर जाईल, आणि या हातभर मातीखाली त्या एकट्याच राहतील, आता माहिती असलेल्या. त्यांनी पाट उचलला, परात उचलली, तुपाची वाटी परातीत ठेवली, आणि कडेकडेनं, हो, कडेकडेनंच, मागच्या दारानं बाहेर आल्या. निंबाखाली गोजर पोराला झोळीत घालून हळूहळू हलवत होती. भिकुबाई तिच्याजवळ पाट टेकवून बसल्या आणि मळायला लागल्या. वखारीतून करवतीचा आवाज येत होता. गोजरनं तो ऐकला, आईच्या बोटांवरचा गेरू पाहिला. झोळीची दोरी तिनं दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात आईच्या गुडघ्यावर ठेवला.

वरून काहीतरी परातीत पडलं. दोघींनी एकदम पाहिलं. निंबाचा मोहर होता, पांढरा, बारीक, भाताच्या कणीएवढा. भिकुबाईंनी तो उचलायला बोट नेलं, क्षणभर थांबल्या, आणि तसाच पिठात मळून टाकला.

"कडू लागी ना, माय," गोजर म्हणाली.

"लागू दे," भिकुबाई म्हणाल्या. "एखादी सांजोरी लागी."

त्यांची पाठ घराकडे होती. ती त्यांनी वळवली नाही.